वरचा आर्म

"नाव ऱ्हाऊ द्या, काम सांगा."

कुणी गाडीचा एखादा सुटा भाग दाखवून "हा कशाचा?" असं विचारलं की वहिनींचं हे ठरलेलं उत्तर. तो भाग त्या चिंधीने पुसायच्या, उन्हाकडे धरायच्या आणि कुठे चकाकी आलीय ते अंगठ्याने चाचपायच्या. "हितं घासलंय बगा. म्हंजी हितं कायतरी फिरत हुतं." माणूस कसं वागतो ते त्याच्या चपलेच्या झिजेवरून सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वहिनी लोखंडाच्या झिजेवरून गाडी सांगायच्या.

संगमनेरात नाशिक-पुणे रस्त्याला माझं स्पेअर पार्टचं दुकान. समोर दादांचं वर्कशॉप; स्प्रिंगचे पाटे आणि जंपर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दुरुस्त करायचं. वहिनी दादांच्या पत्नी. अठरा वर्षं त्या मागच्या बाजूला बसून डिझेलच्या परातीत गाड्यांचे भाग धुवायच्या. त्या तिथे नुसत्या धूत नव्हत्या, शिकत होत्या, हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. दादा गेले. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं.

धाकटे दीर धावत आले. वर्कशॉपची जागा कागदोपत्री त्यांच्या नावावर होती. "बाईमानसानं गाडीखाली झोपायचं? लोक काय म्हनतील?"

वहिनी ट्रॉलीखालून म्हणाल्या, "लोक म्हनतील ते वर, भावजी. मी खाली असते. मला ऐकू येत न्हाई."

तरी गिऱ्हाईक तुटलंच. ट्रॅक्टरवाले टिकले, मोटारवाले पांगले. अशात एक दिवस गावातले निवृत्त डॉक्टर दोन गोणपाटाची पोती घेऊन आले. त्यांच्या वडिलांची जुनी विलायती गाडी होती. दोन माणसांची, बिनछपराची, शर्यतीत पळायची त्या जातीची. कुण्या मिस्त्रीने दुरुस्तीला म्हणून खोलली आणि तो गावच सोडून गेला. गाडीचं धड बंगल्याच्या आवारात विटांवर उभं. पुढच्या चाकांचं सगळं सस्पेन्शन या पोत्यांत, आणि त्यात आणखी कुठकुठल्या गाड्यांचे तुकडे मिसळलेले.

डॉक्टरांबरोबर पुण्याहून आणलेला एक तज्ज्ञ होता. नव्या गाड्यांच्या कामात मोठ्या हुद्द्यावरचा, स्वच्छ बुटांचा. त्याने पोती उपडी केली आणि बुटाच्या टोकाने भाग वेगळे केले. "खालचे आर्म आहेत, स्प्रिंगा आहेत. चाक वरून धरून ठेवणारे वरचे दोन्ही आर्म हरवलेत. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही नाहीत. काही होणार नाही, डॉक्टर. भंगारात द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही दुकानदाराच्या रुबाबात मान हलवली. "वरचा आर्म या देशात मिळायचा नाही."

"हरवलाय कशावरून?" वहिनींनी विचारलं.

तज्ज्ञ हसला. दीर तिथेच होते, तेही हसले. "वयनी, ह्यो काय उसाचा ट्रेलर हाय व्हय?"

वहिनींनी हात पुसले. "डॉक्टर, आठ दिस द्या. गाडी चालली न्हाई तर ह्या शटरची किल्ली भावजींच्या हातात."

"समद्यांम्होरं बोललीस," दीर चटकन म्हणाले.

"समद्यांम्होरंच बोलायचं हुतं."

पुढचे दिवस मी गल्ल्यावर कमी आणि दारात जास्त होतो. वहिनींनी ताडपत्रीवर एकेक तुकडा मांडला. ट्रॅक्टरचे, जीपचे भाग बाजूला फेकले. उरलेल्यांच्या डाव्या-उजव्या जोड्या लावल्या. शेवटी दोन गोष्टी राहिल्या. मुठीएवढे दोन लोखंडी डबे, प्रत्येकाला एक आखूड दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचा दांडा. आम्ही सगळ्यांनी ते कुठल्यातरी जुन्या ट्रकच्या पंपात जमा केले होते. वहिनी दोन दिवस ते घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काखेत एक वही मारली आणि डॉक्टरांच्या बंगल्याकडे चालत गेल्या.

परत आल्या आणि थेट माझ्या काउंटरवर एक कागद पसरला. गाडीच्या सांगाड्यावर, पुढच्या चाकाच्या वर, चार रिकामी भोकं होती. त्यावर कागद दाबून, ग्रीसचं बोट फिरवून त्यांनी छाप आणला होता. त्यावर त्यांनी तो डबा ठेवला. डब्याची चार भोकं कागदावरच्या चारांवर बरोब्बर बसली.

"आता ह्ये दुबेळकं बगा," त्या म्हणाल्या. "चाकाचा उभा खांब ह्याच्यात आडकतो. तितं चकाकी हाय." मग त्यांनी डब्यात तेल भरलं आणि ते दुबेळकं माझ्या हातात दिलं. "दाबा."

मी दाबलं. आतून कुणीतरी हळूच थोपवून धरावं तसं ते जड, सावकाश खाली गेलं.

"ह्योच आर्म हाय आन् ह्योच जंपर. एक हात, दोन कामं." आणि मग जरा थांबून, "तुमी लोक दुसरं काम करनारा दुसराच कुनीतरी हुडकत बसता."

मी लगेच तज्ज्ञाला फोन लावला.

तो म्हणाला, "असं नसतं." वहिनींनी फोन माझ्या हातून घेतला. "तुमच्या गाडीत नसंल, सायेब."

आठव्या दिवशी सकाळी गाडी रस्त्यावर आली. डॉक्टरांच्या हाती चाक. शेजारच्या जागेकडे बोट करून वहिनी दिरांना म्हणाल्या, "बसा, भावजी." सगळे बघत होते, बसावंच लागलं. गाडी गतिरोधकांवरून गेली, साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंतचे खड्डे घेऊन परत आली. डॉक्टरांचे डोळे ओले होते. "वडील चालवायचे तेव्हा अशीच चालायची," एवढंच ते बोलले. दीर उतरले आणि कुणाकडेही न बघता निघून गेले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. त्यानंतर मोटारवाले परत आले, नाशकाहूनही जुन्या गाड्या आल्या. पण लोखंडाने ज्या वहिनींना कधी फसवलं नाही, त्यांना जागेच्या कागदाने हरवलं. वर्षभराने दिरांनी जागा विकली. त्याआधी समेटाच्या बैठकीत वहिनींच्या बाजूने बोलायला मला बोलावलं होतं, पण मी गावात राहायचंय म्हणून गप्प बसलो. बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या, "शेठ, आर्म मिळायचा न्हाई म्हनून तर लई छातीठोक सांगितलं हुतं." त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत. आजही ते मला टोचतं.

जायच्या दिवशी समोर टेम्पो लागला. राहुरीजवळ त्यांनी एक पत्र्याची शेड घेतली होती. लोखंड पकडायचा मोठा शिकंजा दोघा हमालांना उचलेना, तेव्हा मी रस्ता ओलांडून गेलो आणि हात लावला. माझा पांढरा सदरा काळा झाला. वहिनींनी पाहिलं, पण "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

दीर नव्या मालकाला घेऊन आले होते. रिकाम्या वर्कशॉपमध्ये डोकावून म्हणाले, "समदं काडलं का?"

"जागा तेवडी ठिवलीय," वहिनी म्हणाल्या. "ती तुमची हाय."

त्या पुढे केबिनमध्ये बसल्या नाहीत. पदर खोचून मागे हौद्यात चढल्या आणि शिकंजा हलू नये म्हणून त्यावर एक पाय रोवून उभ्या राहिल्या. टेम्पो नाक्यावर वळेपर्यंत त्यांची ताठ पाठ दिसत होती. मी हात वर केला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.