शेवाळावर घसरलेला माणूस

एका शाळेत मुलांना मार्ग दाखविणाऱ्या एक बाई होत्या. शेवटच्या वर्गातील मुलांनी पुढे काय शिकावे, आणि त्याहून अधिक म्हणजे काय शिकू नये, हे सांगणे त्यांच्याकडे होते. महाविद्यालयात जाण्यासाठी शाळेची शिफारस लागे आणि ती शिफारस बाईंच्या शब्दावर मिळे. कोणी चित्रकला, नाटक किंवा तत्त्वज्ञान असे काही नाव काढले की बाईंचा उजवा तळहात आपोआप वर उठत असे. त्यावरून मुलांनी त्यांचे नाव सिग्नलबाई ठेवले होते. बाईंना ते ठाऊक होते. "लाल दिवा असतो म्हणूनच माणसं चाकाखाली येत नाहीत," असे त्या शिक्षकांच्या खोलीत म्हणत आणि शांतपणे चहा संपवीत.

बाई वाईट नव्हत्या, हे प्रथम सांगितले पाहिजे. हातावर पोट असलेल्या घरांतील मुले त्या शाळेत येत. अशा घरात एका मुलाची वाट चुकली तर सगळ्या घराला ओझे होते, हे बाईंनी दुसऱ्याच्या दारात नव्हे, आपल्याच घरात पाहिले होते.

त्यांचा थोरला भाऊ बुद्धीने फार तल्लख होता. त्याने वनस्पतिशास्त्र घेतले आणि त्यातही शेवाळाचा अभ्यास केला. भिंतीवर, दगडावर, नळाखाली जे हिरवे मखमलीसारखे उगवते, त्याचा. पदवी मिळाली, शाबासकी मिळाली, नोकरी मात्र मिळाली नाही. अखेर तो कापडाच्या दुकानात लागला. दिवसभर गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडायचे आणि गिऱ्हाईक नाक मुरडून निघून गेले की तेच ठाण पुन्हा गुंडाळायचे, असे त्याचे आयुष्य झाले. घराचा मुख्य भार बाईंच्या पगारावर पडला. त्या भारात बाईंचे लग्न राहून गेले. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढीत नसे.

सुटीच्या दिवशी भाऊ आपले भिंग घेऊन मागच्या ओल्या भिंतीपाशी बसे. शेजारी त्याची मुलगी बसे. "बघ, याला खरं मूळ नसतं," तो तिला म्हणे, "तरी हे भिंत सोडत नाही."

नोकरीच्या आरंभीच्या काळात एकदा एक मुलगा काही केल्या बाईंचे ऐकेना. तेव्हा त्यांनी वर्गाला एक गोष्ट सांगितली. एक फार हुशार माणूस होता. त्याने शेवाळाचा अभ्यास केला. आज तो चपलांच्या दुकानात गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांत चपला चढवतो. "मुलांनो, तो शेवाळावर घसरला, तो पुन्हा उठलाच नाही." वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. त्या मुलाने हट्ट सोडला. औषध लागू पडावे तशी गोष्ट लागू पडली आणि लागू पडलेले औषध कोण टाकून देतो? दरवर्षी बाई ती सांगत गेल्या. नाव नाही, नाते नाही, कापडाच्या जागी चपला, म्हणजे झाकली मूठ. परंतु सांगता सांगता त्यांनी भावाचे ते मुळांचे वाक्यही गोष्टीत घातले, कारण ते वाक्य फार शोभून दिसे.

यथावकाश भाची शेवटच्या वर्गात आली. ती दुसऱ्या तुकडीत होती, म्हणून बाई निर्धास्त होत्या. परंतु त्या तुकडीचे शिक्षक आजारी पडले आणि दोन्ही तुकड्या एका खोलीत आल्या. त्या दिवशी गोष्ट सांगायचीच नाही, असे बाईंनी ठरविले होते.

"बाई, शेवाळकाका!" मागून कोणीतरी ओरडले.

"आज नाही."

"मग मी सांगते!" वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी उठून उभी राहिली. ही मुलगी नकला करण्यात पटाईत होती. तिला नाटकाचे शिक्षण घ्यायचे होते. बाईंनी महिन्यापूर्वीच तिच्या वडिलांना बोलावून तिला हिशेबाच्या शाखेकडे वळविले होते. तिने पदर सावरल्यासारखे केले, चष्मा नाकावर ढकलल्यासारखे केले आणि थेट बाईंच्या आवाजात सुरुवात केली. वर्ग लोटपोट झाला. बाईंनी तिला थांबवायला हवे होते, पण थांबवले तर भाचीला संशय येईल, या भीतीने त्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या.

"मुलांनो, तो माणूस म्हणायचा, याला खरं मूळ नसतं, तरी हे भिंत सोडत नाही. आणि बघा! त्यालाही मूळ उरलं नाही, आणि चपलांचं दुकानही सोडवत नाही!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या बाकावर भाची टाळ्या वाजवीत नव्हती. ती आपल्या आत्याकडे बघत होती.

संध्याकाळी भाची घरी आली ती तडक स्वयंपाकघरात. घरी ती नेहमी आत्या म्हणे. त्या दिवशी म्हणाली, "बाई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"घरात बाई काय म्हणतेस गं?"

"मग वर्गात तुम्ही कोण होतात? आत्या असतात तर माझ्या बाबांना चपलांच्या दुकानात बसवलं नसतं."

बाईंनी हातातील कालथा खाली ठेवला. भाची पुढे म्हणाली, "मला वनस्पतिशास्त्र घ्यायचंय. तुम्ही नाही म्हणणार, ठाऊक आहे. पण हो म्हणालात तर का म्हणालात तेही सांगा. मी भाची आहे म्हणून? मग बाकीच्यांचं काय? दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर जे सांगितलं असतं, तेच मला सांगा."

तेवढ्यात भाऊ दुकानातून आला. वातावरण पाहून त्याने पिशवी खाली ठेवली. मुलीने विचारले, "बाबा, तुम्हाला ठाऊक आहे आत्या वर्गात काय सांगते?"

"शेवाळावर घसरलेला माणूस?" भाऊ म्हणाला. "केव्हापासून ठाऊक आहे. एक मुलगा आईबरोबर कापड घ्यायला आला होता. ठाण बघता बघता त्यानं मलाच ऐकवली. बरी सांगितली होती. चपलांचं मात्र मला पटलं नाही. मला कुणाच्या पायाला हात लावायला आवडत नाही."

बाई कशाबशा म्हणाल्या, "दादा, तू मला एका शब्दानं बोलला नाहीस."

"काय बोलणार? तुझ्या पगारावर घर चालतं. तोंडात मूग धरून बसलो." तो खुर्चीत टेकला. "मला तेव्हा कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं कित्येकदा वाटलं. आणि अडवलं असतं तर त्या माणसाचं तोंड मी जन्मात पाहिलं नसतं. दोन्ही खरं आहे. यातलं एक काढून तू गोष्ट केलीस. दुसरंही होतं, ते कुणाला सांगितलं नाहीस."

"मग हिला काय सांगू?"

"ते मला विचारू नकोस. मला ठाऊक असतं तर मीच सांगितलं असतं."

रात्री कोणी फारसे जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या सरांपुढे उभ्या राहिल्या आणि भाचीसाठी होकार दिला. सर हसले. "आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं का बाई?"

"तेच होऊ नये म्हणून आणखी एक मागणं आहे. वजनकाटेवाल्याच्या मुलीला नाटकासाठी शिफारस द्यायची आहे. मी तिला वळवलं, ते परत घेते."

"आणि उद्या ती उपाशी राहिली तर? तिचा बाप दारात येईल, तेव्हा मी काय सांगू? मुलांना खड्डा दाखवायचा नाही, तर शाळा कशाला ठेवायची?"

सरांचे म्हणणे खोटे नव्हते. हेच शब्द बाई इतकी वर्षे स्वतः म्हणत आल्या होत्या. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सर म्हणाले, "बापाची हरकत नसेल तर माझीही नाही. त्याला तुम्ही समजवा."

शाळा सुटल्यावर बाई वजनकाटेवाल्याकडे गेल्या. अरुंद गाळा, भिंतीला टांगलेली पितळी पारडी, तेलाचा वास. तो स्टुलावर बसून एका काट्याची दांडी कानशीने घाशीत होता. बाईंना पाहून तो उठला, फडक्याने स्टूल पुसून दिले. आतल्या दारात मुलगी येऊन उभी राहिली.

बाईंनी सगळे सांगितले. मुलीत गुण आहे, तो हेरण्यात आपली चूक झाली, तिला नाटकच शिकू द्यावे. तो कानस हातात धरून ऐकत राहिला.

"बाई, माझी परीक्षा बघताय होय?" तो म्हणाला. "मी अडाणी माणूस, पण तुमचं एकदा ऐकलं की मनात कोरलं जातं. तुम्हीच नाही का सांगितलंत? एवढा हुशार माणूस, शेवाळ का कसलं ते शिकला, आणि आज चपला चढवतो. पोरगी हट्टाला पेटली तेव्हा मी रोज तीच गोष्ट सांगत होतो तिला. आता कुठं गप्प झालीय. आता तुम्हीच फाटे फोडू नका."

"तो माणूस चपलांच्या दुकानात नाही."

"मग?"

"कापडाच्या दुकानात आहे. तो माझा सख्खा भाऊ आहे."

वजनकाटेवाल्याने हातातील कानस खाली ठेवली. त्याने बाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, कीव होती.

"सख्खा भाऊ! अरेरे. मग तर बाई, तुमच्याइतकं कुणाला कळणार?" आणि दाराकडे वळून तो म्हणाला, "ऐकलंस गं? बाईंच्या घरातलंच आहे. माझ्या सांगण्यावर तुझा विश्वास बसत नव्हता, आता तरी बसू दे."

बाईंनी मुलीकडे पाहिले. तिने काही तरी म्हणावे, रडावे, भांडावे, असे त्यांना फार वाटले. मुलीने आपला उजवा तळहात सावकाश वर केला. मनगट, बोटे, मानेची किंचित तिरकी ठेवण, सारे हुबेहूब बाईंसारखे होते. या वेळी कोणी हसले नाही. मग हात खाली करून ती आत निघून गेली, आणि तिच्या वडिलांनी कानस पुन्हा हाती घेतली.