पेल्यावरचं नाव

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ती एक फाईल डोक्यातून जात नाही. खून विसरलो, दरोडे विसरलो. ही साधी पासपोर्टची पडताळणी मात्र आजही आठवते, कारण तिच्यात मी एका बाईचं वाटोळं करता करता वाचलो.

शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. जिल्हा कार्यालयातून पडताळणीसाठी अर्ज आला. अर्जदार बाई आखाती देशात नर्स. मुदत संपत आलेला पासपोर्ट तिने तिथूनच ऑनलाइन नूतनीकरणाला टाकला होता. पत्ता तापीकाठच्या एका गावातला, माहेरचा. तिची पाच वर्षांची मुलगी त्याच घरी आजीजवळ राहत होती. दोन वर्षांनी बाईला रजा मिळाली होती. नवा पासपोर्ट आला नाही तर लेकीची भेट तर हुकणारच, वर तिथला राहण्याचा परवानाही संपणार होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा समोर फक्त नाव, फोटो, पत्ता आणि तिथला फोन नंबर होता.

गोपनीय शाखेचा हवालदार साध्या कपड्यांत गावी जाऊन आला. माणूस चोख. म्हणाला, साहेब, ही बाई तिथे कोणालाच माहीत नाही. घरचे नाही म्हणतात, शेजारी नाही म्हणतात, पानटपरीवालासुद्धा मान हलवतो. दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला, की त्या नावाने कोणीतरी बोगस पासपोर्ट काढतंय, साहेबांनी सही करू नये. नाव विचारताच फोन बंद.

खोट्या कागदांवर माणसं बाहेर पाठवणारा एक एजंट मी पूर्वी आत टाकला होता, त्यामुळे मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. ठाण्याच्या फोनवरून अर्जातला परदेशी नंबर लागत नव्हता. हवालदार म्हणाला, बाईला व्हॉट्सअॅप करून बघू का? मी त्यालाच झापलं. चोरालाच विचारायचं का, बाबा रे, चोरी केलीस का म्हणून? ‘नमूद पत्त्यावर राहत नाही’ असा प्रतिकूल अहवाल टाइप होऊन टेबलावर आला. सही तेवढी बाकी होती.

सही राहिली त्यात माझा काही मोठेपणा नाही. दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने जाणं होतं, म्हटलं, एकदा स्वतः दरडावून बघू.

ओट्यावर त्या बाईची आई आणि चुलता बसले होते. अर्धा तास उलटसुलट विचारलं. घरात खेळणारी मुलगी कोणाची, तर म्हणे पाहुण्यांची. फोटो पुढे केला, तर म्हातारीने बघितलासुद्धा नाही. “ह्या नावनी पोर ह्या गावमा नई शे, साहेब.” न बघताच नाही म्हणणारा माणूस घाबरलेला असतो, एवढं नोकरीत शिकलो होतो. पण ही घाबरते कशाला, ते काही कळेना.

आता माझ्या एका नियमाबद्दल सांगतो. पडताळणीला गेलात तर त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे मी ठाण्यात सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. पाण्यावरून चहा, चहावरून पुढचं सुरू होतं. हवालदाराने तो नियम पाळला होता. त्या दिवशी ऊन असं होतं की माझी जीभ टाळूला चिकटली. मी नियम गुंडाळून ठेवला आणि पाणी मागितलं. दारी आलेला कितीही नकोसा असो, खानदेशात त्याला पाणी कोणी नाकारत नाही. म्हातारी उठली आणि स्टीलचा पेला भरून घेऊन आली.

पिता पिता काठाखाली कोरलेली अक्षरं दिसली. आपल्याकडे लग्नात मुलीला भांडी देतात, त्यांवर तिचं नाव घालतात. पेल्यावर माझ्या फायलीतलंच नाव होतं. उठून आत मांडणीकडे बघितलं, तर तांब्या, डबे, ताटं, सगळ्यांवर तेच. सासरी गेलेली भांडी माहेरी परत आली होती. म्हणजे संसार मोडला होता, ते विचारायची गरज नव्हती.

मी पेला खाली ठेवला, नाव तिच्या बाजूला करून. मग म्हातारीने पदर तोंडाला लावला. “मन्ही पोर शे ती. तिले धराले उनात ना तुम्हीन?”

सासरच्यांनी धमकी दिली होती, पोलीस केस करू आणि नात उचलून नेऊ. त्यात अनोळखी पोलीस नाव विचारत आला, पासपोर्ट हे त्यांना निमित्तच वाटलं, आणि अख्ख्या गावाने तोंड मिटून घेतलं. लेकीनेही घरी काही कळवलं नव्हतं. सगळं ऑनलाइन झालं, आता घरी कोण येतंय, असं तिला वाटलं. चुलता खाली मान घालून म्हणाला, “फोन मीच करेल व्हता, साहेब.” अर्ज बाद झाला की पोलीस पुन्हा येणार नाहीत म्हणून! पोरीला वाचवायच्या नादात या शहाण्याने तिचाच पासपोर्ट बुडवायला घेतला होता.

“धरायला नाही आलो, मावशी,” मी म्हणालो. “ती तुमची आहे, एवढंच सरकारला कळवायचंय.”

पाच मिनिटांत साक्षीला गल्ली जमली, पानटपरीवाला सगळ्यात पुढे. शेजाऱ्यांचे जबाब घेतले, बाईचा शाळेचा दाखला बघितला, चुलत्याला यथेच्छ झापलं. ठाण्यात येऊन पहिला अहवाल फाडला आणि नवा त्याच दुपारी रवाना केला. जिवावरचं ओझं उतरलं. त्या रात्री जेवण गोड लागलं.

पुढे ती बाई रजेवर आली, तेव्हा ठाण्यात नवा पासपोर्ट दाखवायला आली. मुलगी चांगली थोराड, पण आई तिला कडेवरून उतरवायला तयार नव्हती. हवालदाराला बोलावून मी त्या दिवशी नियम बदलला. चहा नको, पण पाणी दिलं तर प्यायचं, आणि पेला नीट बघायचा.

खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर नसतो, कधी कधी गावच्या गाव मायेपोटी खोटं बोलतं, हे मला त्या घराने शिकवलं. पण त्याहून मोठी गोष्ट मला अजून टोचते. सही झाली असती, तर ते कडेवरचं लेकरू मला कधी दिसलं नसतं, आणि मी मात्र बोगस पासपोर्ट पकडला म्हणून मिरवत राहिलो असतो.