बापूरावांचे नाव

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार. पोपटराव रणपिसे यांच्या मुलीच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका, बिल रुपये १,२६०. पैकी पाचशे आगाऊ जमा.

मंडईमागच्या गल्लीत रुपाली मोहोड यांचे एका कॉम्प्युटरचे अक्षरजुळणीचे दुकान होते. शेजारच्या छापखान्याचे हिशेब मी लिहायचो, त्यामुळे जाता-येता त्यांचे काम दिसे. बाई यवतमाळकडच्या, नवरा भोसरीला कारखान्यात. कॉम्प्युटर हप्त्यावर घेतलेला, यूपीएस घ्यायचा राहिलेला. पुण्यात गुरुवारी वीज जाते हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले होते. म्हणून गुरुवारी त्या लवकर येत, काम उरकून मशीन रीतसर बंद करत आणि भाजी निवडत बसत.

त्या गुरुवारी पोपटराव शेजारी उभे होते. पहिल्या प्रुफात विनीतांमध्ये सर्वांत वर थोरले भाऊ बापूराव यांचे नाव होते. मध्यंतरी येरवड्यातल्या आईच्या खोलीवरून दोघांचे बिनसले आणि पोपटरावांनी त्या नावावर लाल रेघ मारून आणली.

"नाव काढलं ना?"

"काढलं. बघा. आता बंद करते, लाइट जाईल."

"अहो ताई, अजून गेली नाही ना? ते पत्रिकेवरचं कमळ जरा मोठं करा."

कमळ मोठे झाले. बाई फाइल साठवत होत्या, तेवढ्यात वीज गेली.

दुपारी वीज आली तेव्हा पोपटराव पुन्हा डोकावले. मशीन नीट बंद झाले नव्हते, डिस्कवर चुका असतील, तपासतो, असा मजकूर निळ्या पडद्यावर आला. पिवळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

"किती वेळ?"

"त्याला लागेल तेवढा. मध्ये कळ दाबायची नसते."

"म्हणजे आमच्या कचेरीसारखंच."

"तुमच्या कचेरीत पट्टी तरी दिसते का?"

पोपटराव कामावर निघून गेले. डिस्क दुरुस्त झाली, पण पत्रिकेची फाइल उघडेना. मात्र तपासणीत सापडलेले सुटे तुकडे मशीनने वेगळ्या नावांनी ठेवले होते. बाईंनी ते एकेक उघडून पाहिले. बहुतेकांत नुसते चौकोन. एकात पत्रिका निघाली, अख्खी. बाहेरगावच्या पत्रिका दुसऱ्या दिवशी टपालात पडायच्या होत्या. बाईंनी वधूवरांची नावे, तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता तपासला, कमळ मोठे केले आणि काम छपाईला दिले. विनीतांची नावे त्यांनी पाहिली नाहीत. तो तुकडा लाल रेघेच्या आधीचा होता.

शुक्रवारी पोपटरावांच्या पत्नी सुंदराबाई गठ्ठे घेऊन गेल्या. सोमवारी दोघे आले.

"ताई, बापूराव परत कसा आला?"

बाईंनी पत्रिका पाहिली आणि खुर्चीत बसल्या. कागद त्यांचा, छपाईही त्यांच्याच खात्यावर. पैसे बुडाले तर त्या महिन्याचा हप्ता चुकणार होता आणि दोन हप्ते आधीच थकले होते.

"चूक माझी आहे. पुन्हा छापून देते."

"काही नको," सुंदराबाई म्हणाल्या. "पहिली पत्रिका मी थोरल्या भाऊजींकडे देऊन आले."

"वाचली नव्हतीस?"

"वाचली. म्हणूनच आधी तिकडे गेले."

पोपटराव दाराबाहेर जाऊन उभे राहिले. परत आले ते पाकीट काढून. सातशे साठ येणे होते, त्यांनी सातशे वीस मोजले.

"नको असलेल्या मालाचे चाळीस कापलेत."

बाईंनी पैसे घेतले आणि त्याच दिवशी हप्ता भरला.

लग्नात बापूराव पहिल्या रांगेत बसले होते. पुढच्या आठवड्यात ते दुकानात आले. "माझ्या नावाचे चाळीस कापले म्हणे. ते मी देतो. आज सुटे नाहीत."

पुढच्या वर्षी बाईंनी यूपीएस घेतला. आता त्यांच्याकडे तीन मशीन आहेत, पण गुरुवारी भाजी निवडायला त्या अजून दुकानातच आणतात. छपाईला देण्याआधी विनीतांची नावे मोठ्याने वाचतात.

बापूरावांकडून चाळीस रुपये अजून येणे आहेत.