देवी सहाणेवर होती

सासऱ्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली ती माघात. आम्ही हसण्यावारी नेलं. गावात वीज नवी, बल्बाकडे सगळेच डोळे चोळून बघायचे. मग एके दिवशी डोकं धरून ओकायला लागले, तेव्हा मी बाबांना एसटीत घालून रत्नागिरीला नेलं. नवरा मुंबईला गिरणीत, त्याला रजा नव्हती.

डॉक्टरांकडे नवं यंत्र आलं होतं. त्यावर हनुवटी टेकवायची, कपाळ लावायचं. बाबांनी कपाळ लावलं आणि सवयीने हात जोडले. डॉक्टरांनी त्यांचे हात हळूच खाली घेतले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, काचबिंदू आहे, डावा डोळा गेलाय, उजव्याचं ऑपरेशन जितकं लवकर कराल तितकं बरं, फार तर गुरुवारपर्यंत. थांबलात तर तोही जाईल. तो सोमवार होता.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "देवीचा कौल घेतल्याशिवाय मी सुरी लावून घेणार नाही."

आमच्याकडे कौल म्हणजे, गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोमवारी सांजेला लावला. पाकळ्या जागच्या हलेनात. मंगळवारी परत लावला, तेच. गुरवकाका म्हणाले, आई बोलत नाही, सवडीने बघू. सवड कोणाकडे होती? मी चुलीवर भात ठेवायची, देवळापर्यंत जाऊन पाकळ्या बघून यायची, तोवर भात करपायचा. बाबा ओटीवर बसून मांडीवर बोटं वाजवीत. चाळीस वर्षं नमनाच्या खेळात मृदंग वाजवलेली बोटं ती, पण आता ताल चुकत होता.

बुधवारी पहाटे पाणी भरताना ढोल ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घागर तिथेच ठेवून गुरवकाकांकडे गेले.

"काका, देवीची चांदीची रूपं पालखीत बसवून चार दिवस झाले. देवी सहाणेवर आहे. देवळात विचारलंत कोणाला?"

काकांनी मान खाली घातली. शिमग्यात पालखी देवळातून निघून सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की पाषाणाला कौल लावत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकांना बाबांचा शब्द मोडवला नव्हता म्हणे. पण बाबा तर मानकरी, पालखीला पहिला खांदा त्यांचा. ते विसरले होते की भ्याले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी सांगितलं तर ते म्हणतात कसे, मग पालखी देवळात परत जाईपर्यंत थांबू. म्हणजे आठ-दहा दिवस! मी वाद घातला नाही. कौल पुरुषांनी लावायचा, पण ओटी बाईनेच भरायची. नारळ, खण, तांदूळ घेतले, बाबांचा हात खांद्यावर ठेवला आणि सहाणेच्या चौथऱ्यावर गेले. ओटी भरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, मी विचारायला नाही आले. यांना उद्या नेत्ये. राग आला तर माझ्यावर काढ."

ढोलवाले थांबले. एक म्हातारी पुटपुटली, सून फार पुढे गेली. बाबांचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. परतताना एवढंच म्हणाले, "पहिली एसटी किती वाजता?"

पट्टी काढली त्या दिवशी मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाबांनी बराच वेळ पापण्या मिचकावल्या.

"तुझं कुंकू वाकडं लागलंय," ते म्हणाले.

मी पदराने पुसायला गेले तर आणखी पसरलं. डॉक्टर म्हणाले, उजवा राहिला, पण कडेचं कमी दिसेल. दोन दिवस आधी आणलं असतंत तर, असं काहीतरी म्हणत होते. मी पुढचं ऐकलं नाही. पण ते दोन दिवस अजून माझ्या मानगुटीवर बसलेत. ढोल वाजला की हातातलं काम टाकून मी उगीच उठते.