कात्री उकळायला भांडं

दवाखान्यात मला जे काही शिकवलं त्याची सुरुवात उकळत्या पाण्यानं होत असे. हात धुवा, कात्री उकळा, नाळ बांधायचा दोरा उकळा, मगच बाळंतिणीजवळ जा. अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात त्याचं काही वाटायचं नाही. मागच्या पडवीत पाण्याचं भांडं दिवसभर चुलीवर रटरटत असे. बाहेर पडल्यावर मात्र त्या भांड्यानंच माझा जीव खाल्ला. पाणी उकळायला भांडं लागतं आणि ते दुसऱ्याच्या घरात मागून घ्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट आमच्या शिकवणीत नव्हती.

मी मूळची कोकणातली. मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि वडील गेल्यावर मला रोज तरीतून सोडायला घरात कोणी उरलं नाही. आईच्या लांबच्या नात्यातल्या एका बाईंनी मला वऱ्हाडात आणलं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून चार ओळी वाचून घेतल्या, हात उलटेपालटे करून नखं पाहिली आणि म्हणाल्या, "राहा." त्या एका शब्दावर मला दोन वेळचं जेवण, पांढरी लुगडी आणि निजायला कोरडी जागा मिळाली. मी त्यांच्या उपकारात इतकी बुडालेली होते की त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तर कुठल्या विहिरीत एवढंच विचारलं असतं.

परीक्षा पास झाल्यावर नेमणूक मिळाली ती फिरतीची. दवाखाना चालवणाऱ्या बोर्डानं तालुक्याच्या गावांतून शिकलेल्या नर्सा ठेवायचं ठरवलं होतं. माझ्या वाट्याला आधी तिवसा आलं. निघताना बाईंनी जवळ बोलावून सांगितलं, "ही नेमणूक कच्ची आहे, लक्षात ठेव. होळीपर्यंत बघतील. लोकांनी तुला बोलावलं पाहिजे. नाही बोलावलं, तर बोर्डाची माणसं म्हणतील, नर्सेची गरजच नाही. मग मलाही तुला घरी पाठवावं लागेल."

घरी म्हणजे मामाच्या घरी. आई तिथे मामीची बोलणी खात राहत होती. माझ्यासाठी तिथे एक बिजवर बघून ठेवला होता आणि तो वाट बघायला तयार होता, असं आईनं एकदा कुणाकडून तरी कळवलं होतं. त्याची मोठी मुलगी माझ्याच वयाची. त्यामुळे बाई "घरी" म्हणाल्या की मला तो बिजवरच दिसे.

तिवशात पहिलं बोलावणं आलं एका वकिलाच्या घरून. मी धावतच गेले. सून कळा देत होती, वेळ होता. मी सासूबाईंना शिकवल्याप्रमाणे अदबीनं, पातेल्याला तिकडचाच शब्द वापरून म्हटलं, "काकू, मला एक मोठा गंज द्या. कात्री उकळायची आहे."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. आत गेल्या. आत कुजबुज झाली, भांडी सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. "तुम्ही जा आता," म्हणाल्या, "आमची नेहमीची दाई येऊन राहिली."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल, आवाज चढला असेल. पुढच्या घरी मी आणखी हळू बोलले. तिथेही तेच. त्यापुढे कोणी बोलावलंच नाही. मी पांढरं लुगडं नेसून, पेटी आवरून रोज दारात बसायची आणि समोरून दाई हातातलं कडं खुळखुळवत दुसऱ्याच्या घरी जायची. एकदा ती मुद्दाम थांबून म्हणाली, "काय नर्सबाई, बसल्या बसल्या पगार भेटते तुमाले? लय नशिबाच्या बाप्पा!"

दिवाळी झाल्यावर बाईंनी मला तिथून काढून अकोल्याकडे दिलं. राहायचं बाळापूरला. "इथे तरी लोकांशी गोड बोल," म्हणाल्या. आता मी आणखी किती गोड बोलणार होते? बदनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला आणि तिथून मोटरीनं बाळापूरला जाईपर्यंत मी मनात तेच एक वाक्य घोळवत राहिले. पण तोंडानं "हो बाई" एवढंच म्हटलं होतं.

बाळापुरात एका भिक्षुकाच्या घराची पुढची खोली मला मिळाली. त्यांची बायको चांगल्या मनाची, पण सोवळ्याओवळ्याची फार कडक. मी बाहेरून आले की अंगणातच पाणी घालून घ्यायचं, लुगडं वेगळ्या दोरीवर. ते मी निमूट करत होते, कारण दुसरं कोणी जागाच देत नव्हतं. महिनाभर तिथेही बोलावणं नाही. मग एक दिवस तुळशीला पाणी घालता घालता तिनंच विचारलं, "काहो, तुम्ही म्हणे लोकांच्या घरचे गंज नेता?"

"मी? कोण म्हणतं?"

"आठवडी बाजारातल्या साऱ्या बायका म्हणतात. तिवशाची नर्स आली, घरात पाय ठेवला की आधी पितळी गंज मागते."

मी म्हटलं, "अहो, मी मागते तो कात्री उकळायला!"

तिनं तांब्या खाली ठेवला आणि मला अगदी लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. बाळंतिणीच्या खोलीत जे भांडं गेलं, ते दाईचं. ते परत चुलीवर चढत नाही, परत देवघराच्या भिंतीलाही टेकत नाही. म्हणून शहाणी सासू आधीपासूनच एखादं चेपलेलं घंगाळ, कान तुटलेली परात बाजूला काढून ठेवते. "आणि तुम्ही गेल्या गेल्या घरातला मोठ्यात मोठा गंज मागता! मग लोक काय समजतील?"

मी रडले नाही, पण इतकी चिडले की पेटीतली कात्री काढून तिच्यासमोर धरली. "ही बघा. एवढीशी कात्री. हिला उकळायला पाणी हवं, मला कुणाचं भांडं नको!" तिला हसू आलं. मला नाही आलं. अमरावतीत इतके दिवस काढले, किती बाळंतिणी पाहिल्या, आणि एवढी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. सांगणार तरी कोण? दवाखान्यात भांडी सरकारची.

मग मी स्वतःचा गंज घेतला, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, हलका. मला वाटलं, सुटले. त्याच सुमारास पोलीसलाइनीतल्या एका परमुलखातल्या बाईनं मला बोलावलं. तिची दाईशी ओळख नव्हती. तिचं बाळंतपण छान झालं. मी तरंगतच घरी आले. दुसऱ्याच दिवशी किल्ल्याच्या बाजूच्या एका दुकानदाराच्या घरून बोलावणं आलं. तिथली म्हातारी उंबऱ्यातच उभी होती. माझ्या काखेतला गंज बघून तिनं विचारलं, "हे काय?"

"आजी, तुमचं भांडं नको मला. माझं आणलंय." आणि तिचा विश्वास बसावा म्हणून मी फुशारकीनं पुढे म्हटलं, "कालच पोलीसलाइनीत याच्यातच पाणी उकळून बाळंतपण केलं. मायलेकरं दोन्ही ठणठणीत!"

म्हातारीनं दोन्ही हात चौकटीला लावले. "अवं माय! लोकाच्या घरची सोयर माह्या घरात घेऊन येऊन राहिली? हो मागं!"

मी मागे झाले. रस्त्यावर गंज घेऊन उभी राहिले. माझ्याच अंगातून वाफ निघत होती. त्यांचं भांडं घेतलं तर लोभी, माझं नेलं तर विटाळ. आणि कात्री न उकळता नाळ कापली तर ते लेकरू आठवड्याभरात दातखीळ बसून जाणार, हे मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. ते म्हणायचे, सटवाईनं नेलं. होळी जवळ येत चालली होती. रोज उठल्यावर मामाचं घर डोळ्यांपुढे यायचं.

अशात एका बाजाराच्या दिवशी एक शेतकरीण आमच्या ओसरीवर येऊन बसली. जवळच्या खेड्यातली, घरची काळी जमीन, अंगावर ठसठशीत डोरलं. घरमालकिणीकडे ती दरवर्षी तूर घालायची. तिच्या सुनेची दोन बाळंतपणं झाली होती, दोन्ही पोरं आठ दिवसांच्या आत गेली होती, आणि आता तिसऱ्यांदा दिवस भरत आले होते.

"तूच का गंजवाली?" तिनं मला विचारलं.

"होय आजी, मीच."

"पोट्टं जगवशीन?"

मी म्हटलं, "जगवणं माझ्या हातात नाही. पण स्वच्छ कात्रीनं नाळ कापली आणि तिच्यावर राख घातली नाही, तर पहिल्या दोघांसारखं होणार नाही. पण त्याला पाणी उकळावं लागतं, आजी. आणि भांड्याचा तुमच्याकडे असा घोळ की मी काय करू ते तुम्हीच सांगा. तुमचं नको, माझं चालत नाही. हातावर उकळू का पाणी?"

मी चढ्या आवाजात बोलले होते. गोड बोलणं संपलं होतं माझं. म्हातारीनं तंबाखू मळता मळता घरमालकिणीकडे पाहिलं. "हे तं भांडून राहिली वं." मग मला म्हणाली, "नवं मडकं घे ना. मातीले काय? काम झालं का फोडून टाकू. दाई काय खापऱ्या नेईन?"

घरमालकीण म्हणाली, "चालेल की. कोरं मडकं, त्याला कुणाची सोयर नाही."

इतक्या दिवसांत हे मला सुचलं नव्हतं, कुणाला सुचलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी रागच आला.

म्हातारीचं बोलावणं आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बैलांच्या बंडीत गवत पसरलेलं, मांडीवर कोरं मडकं. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी, त्यात कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायच्या आणि ओरडायच्या, "कोन होय वं?" गाडीवान ओरडायचा, "नर्स! मडकं घेऊन चालली!" आणि शेतभर हसू पिकायचं. मी मडक्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते फुटलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे.

घरी दाई आधीच येऊन बसली होती. मला पाहताच म्हणाली, "नाळ मीच कापीन. या घरातल्या साऱ्याइच्या नाळी माह्या सासूनं कापल्या, मी कापल्या. हे कालची पोट्टी कोन?"

म्हातारी दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली. माझ्या ध्यानात आलं, मी भांडले तर मलाच बाहेर काढतील, दाईला नाही. दाई तर उद्याही याच गावात असणार होती. मी अंगणात तीन दगड मांडले, मडकं चढवलं आणि तिला म्हटलं, "मावशी, नाळ तुम्हीच कापा. हक्क तुमचा. फक्त या कात्रीनं, आणि हात मी धुते तसे धुवून."

"आन् मानाचं लुगडं कोनाले?"

"लुगडं तुमचं. घंगाळही तुमचं."

ती बाह्या सारून आली. कडं काढायला तिनं फार कुरकुर केली. पण काढलं.

मुलगा झाला. मी दोरा बांधला, तिनं कात्री चालवली. मग सवयीनं तिचा हात राखेच्या वाटीकडे गेला. मी बाळाच्या बेंबीवर आपला तळवा उपडा ठेवला आणि काढलाच नाही. ती म्हणाली, "हात काढ." मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "रक्त येईन." मी म्हटलं, "नाही येणार." बाजेवरची सून, जिनं मी आल्यापासून हूं की चूं केलं नव्हतं, ती तोंड भिंतीकडे करूनच म्हणाली, "नको लावू राख. दोनदा लावली ना." म्हातारीनं वाटी उचलून बाहेर नेली.

त्यानंतर रोज मी त्या बंडीतून गेले. आत शिरताच आधी बाळाचं तोंड बघायची. ओठ उघडतात का, चोखतं का. जोवर ते स्तनाला लागत नाही तोवर मी हातातली पेटीही खाली ठेवत नसे. म्हातारीही माझ्या तोंडाकडे बघत बसायची, लेकराकडे नाही. आठ दिवस गेले, दहा गेले. नाळ सुकून गळून पडली आणि ते लेकरू सगळ्या घराला ऐकू जाईल असं भोकाड पसरून दूध मागायचं.

मग बोलावणी सुरू झाली. कुठे अंगणात मडकं आधीच धुऊन उपडं ठेवलेलं असायचं. दुकानदाराच्या म्हातारीनंही बोलावलं, जणू काही झालंच नव्हतं.

होळीच्या आधी डॉक्टरीणबाई अकोल्याला आल्या. मला बोलावून म्हणाल्या, "तू पक्की झालीस. बोर्ड खूश आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून नमस्कार केला. त्या पुढे म्हणाल्या, "आणि आता मोर्शीला जा. तिथे नर्सेला कोणी दारात उभं करत नाही. तुला जमेल, म्हणूनच पाठवते. बाळापूरला नवी मुलगी येईल."

मला म्हणायचं होतं, बाई, आत्ता कुठे लोक बोलावू लागलेत. पुन्हा पहिल्यापासून? पुन्हा ते दारात बसणं, पुन्हा ते टोमणे? मी म्हटलं, "हो बाई." त्यांनीच मला "राहा" म्हटलं होतं. त्यांना "नाही" कुठल्या तोंडानं म्हणू?

मोटरीच्या अड्ड्यावर ती शेतकरीण म्हातारी नातवाला खांद्यावर घेऊन आली होती. मला पाहताच करवादली, "काहून चालली वं? आता तं आमी बोलावून राहिलो."

"सरकारचा हुकूम, आजी. नवी नर्स येणार आहे."

"तिचं लगीन झालं?"

"नाही."

"मंग लेकरूबी नसंन. मंग तिले काय समजते?"

"मला तरी कुठे लेकरू होतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "बोलवा तिला, आजी. पहिल्या दिवसापासून बोलवा. तिला दारात बसवून ठेवू नका. ती माझ्यापेक्षा हुशार आहे."

त्या मुलीचं मी तोंडही पाहिलेलं नव्हतं.

म्हातारीनं नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पाहू," ती म्हणाली. मोटरवाल्यानं माझी पेटी टपावर फेकली.