आधी त्यांना दाखवायचं

ब्राझीलच्या एका जुन्या दिग्दर्शकानं माझं वाटोळं केलं. पुण्यात फिल्म सोसायटीच्या मोडक्या खुर्च्यांवर बसून मी त्याचे सिनेमे पाहिले. स्टुडिओ सोडून कॅमेरा वस्तीत नेणाऱ्या तिथल्या पहिल्या काही जणांपैकी तो. नटनट्या नाहीत, सेट नाहीत, ऊन जसं डोळ्यांत घुसतं तसंच पडद्यावर. देशाचा सिनेमा म्हणजे देशातल्या पिचलेल्या माणसांचा सिनेमा, हे त्यानं माझ्या डोक्यात असं भरवलं की दुसरं काही शिरलंच नाही. आज मी लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये डोहाळजेवणांचे आणि पन्नाशीच्या पार्ट्यांचे व्हिडिओ काढून पोट भरतो.

तरी एक फिल्म केलीच. नागपूरकडची एक बाई, तिकडे शाळेत शिक्षिका, इथे एका एजन्सीच्या व्हिसावर केअरर. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. दोन घरांमधला वेळ बिनपगारी, तो ती बसस्टॉपवर काढायची. फॉइलमधली पोळी भिजू नये म्हणून पावसाकडे पाठ करून खायची. मी अख्खा हिवाळा तिच्यामागे कॅमेरा घेऊन हिंडलो. एकदा स्वयंपाकघरात भेगाळलेल्या हातांना व्हॅसलीन चोळत ती म्हणाली, "शाळेत माझ्यासमोर कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. परवा एक आजोबा तोंडावर थुंकले, आणि मीच सॉरी म्हटलं." हे बोलताना तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असा शॉट मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

ग्लासगोच्या एका महोत्सवानं फिल्म घेतली. पण माझा एक नियम होता, त्या सिनेमांच्या नादानं स्वतःला लावून घेतलेला. ज्यांची फिल्म, त्यांना ती सगळ्यांत आधी दाखवायची. म्हणून लॅपटॉप घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिथे तिच्यासारख्याच आणखी काही जणी राहतात. त्या पलंगावर दाटीवाटीनं बसल्या, सुरुवातीला एकमेकींना बघून हसल्या.

संपल्यावर ती म्हणाली, "भाऊ, हे काढून टाका."

"कुठलं?"

"मी आहे ते सगळं."

घरी तिनं सांगितलं होतं की ती हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. मुलीचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडचे इंटरनेटवर सगळं शोधून बघणारे होते.

मी चिडलो. "अहो ताई, यात तुम्ही लाजण्यासारखं काही नाही. लाजायला पाहिजे त्या एजन्सीनं."

"एजन्सी लाजली तर माझ्या पोरीचं लग्न जमणार आहे का?" तिनं शांतपणे विचारलं.

यावर वाद घालण्याचा मला काय हक्क होता? असल्या सिनेमांना पूर्वी सरकारं अडवायची. सरकारशी भांडता येतं, पेपरात लिहिता येतं, बंदी आली की चार लोक ओळखायला लागतात. मला अडवणारी बाई मला चहा ओतून देत होती आणि साखर किती म्हणून विचारत होती. तिला वगळलं तर उरत होते बसस्टॉप आणि पाऊस. मी ग्लासगोला मेल करून फिल्म मागे घेतली. पुढे कितीतरी दिवस मी तिच्यावर मनातल्या मनात जळत होतो, आणि तिचं अजिबात चुकलं नव्हतं म्हणून आणखीच जळत होतो.

महिन्याभरानं तिचा फोन आला. जवळच्याच पिनरमध्ये ती ज्या आजींकडे कामाला जायची, त्यांचं घर मोठं, पुढे गुलाब, दारात गाडी. आजींनी परवानगी दिली होती. त्या घरासमोर तिचा एक व्हिडिओ काढून हवा होता, मुलाकडच्यांना पाठवायला.

मी गेलो. तिनं कुणाचा तरी लांब कोट घातला होता. "कौन्सिलचे कचऱ्याचे बिन्स येऊ देऊ नका हं," ती म्हणाली. मी ते स्वतः ओढून बाजूला केले. गाडी छान दिसेल असं तिला उभं केलं, हसायला सांगितलं, नंतर घरी बसून रंग थोडे खुलवले.

लग्न ठरलं. ते सांगायला तिनं आवर्जून फोन केला.

"मुलाकडचे तुमचं फार कौतुक करत होते, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही असंच काहीतरी बनवत जा ना."