आईच्या वाटणीचं पाणी

बहारिनला, मनाम्यात तेव्हा आमच्या नळाला जमिनीतलं मचूळ पाणी यायचं. त्यात चहाची पार वाट लागायची. समुद्राचं पाणी गोडं करणारा नवा प्लांट सुरू व्हायचा होता आणि मी त्याच्या लॅबमध्ये चाचणीच्या कामाला होतो.

मीठ काढून टाकलेलं समुद्राचं निव्वळ पाणी अगदी बेचव लागतं. म्हणून त्यात जमिनीतलं पाणी थोडं मिसळायचं. थोडं म्हणजे किती, यावरून लॅबमध्ये रोज हमरीतुमरी. शेवटी आमचा बहारिनी फोरमन वैतागून म्हणाला, "खलास! घर ले जाओ, घरवालों से पूछो."

घरी बायको होती आणि आई. बाबा गेल्यावर आईला रत्नागिरीहून आणलं, आणि इथे आल्यावर तिच्या किडन्या निकामी होत चालल्याचं कळलं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. सकाळी बायको एक फुलपात्र भरून तिच्या उशाशी झाकून ठेवायची, दिवसभराचं तेवढंच. आणि तेही इथल्या उन्हाळ्यात! मला त्या डॉक्टरचा राग यायचा. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच यायचा.

मी टेबलावर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या मांडल्या. बायकोला तिन्ही सारख्याच लागल्या. आई म्हणाली, "मला दे."

"चूळ भरून टाकायचं हं, गिळायचं नाही," मी बजावलं. लॅबमध्ये आम्ही तसंच करायचो.

तिने तिन्ही घोट गिळले. "मेल्या, तू केलेलं पाणी थुंकून टाकू होय?" म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत फुलपात्रातलं तीन घोट पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून मोकळी झाली. मग मधल्या बाटलीवर बोट ठेवलं. मी तिचं मत फोरमनला सांगितलं. वर ठरलं ते प्रमाण वेगळंच निघालं.

आमच्या इमारतीत ते पाणी आलं तोवर आईने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी पाणी निम्म्यावर आणलं होतं. मी धावत सांगायला गेलो, तर तिचे ओठ सुकून फुटलेले.

"नळ सोड," ती म्हणाली. "वाहू दे जरा. मला ऐकू दे."

थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेणारी बाई ती. मी मोरीचं दार उघडं टाकून नळ पूर्ण सोडला. बादली भरून पाणी वाहायला लागलं, आणि त्यातला एक घोट तिला जास्त द्यायची सोय नव्हती. मला रडू आवरेना. नळ बंद करायला हातही उचलवेना.

शेवटी आतून तिचाच आवाज आला, "बंद कर रे आता. तहान वाढते."